सायकलच्या ६६ सीसी इंजिनाचं हाफ इंजिन: खोलण्यापासून रन-इनपर्यंत

हाफ इंजिन म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ब्लॉक-पिस्टन-रिंगा, बदलणं; खालचा क्रँकही बदलावा लागला की ते फुल इंजिन. रन-इन म्हणजे नवे भाग एकमेकांत बसेपर्यंत गाडी हळू चालवणं. नवं ब्लॉक-पिस्टन किट टाकलं, आठ दिवस गाडी झकास पळाली आणि नवव्या दिवशी पुन्हा जाम. मग दोष किटवर, विकणाऱ्यावर, ऑइलवर. बहुतेक वेळा किटचा दोष नसतो. पहिलं पिस्टन ज्या कारणाने गेलं ते कारण इंजिनात तसंच राहिलेलं असतं आणि नवं पिस्टनही त्यानेच जातं. सुटे भाग बदलायला दोन तास पुरतात. बाकीचा अर्धा दिवस बघण्यात आणि मोजण्यात जायला हवा, आणि लोक नेमका तोच वाचवतात.

इथे बोलतोय ते सायकलच्या त्रिकोणी फ्रेममध्ये बसणाऱ्या चिनी टू-स्ट्रोक किटबद्दल. डब्यावर ८० सीसी छापलेलं असलं तरी बोअर (ब्लॉकच्या आतलं, पिस्टन धावतं ते भोक) ४७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ३८ मिमी, म्हणजे इंजिन ६६ सीसीचं. काहींचा स्ट्रोक ४० मिमी असतो, ते ६९ सीसी. धाकटं ४८ सीसी म्हणजे ४० मिमी बोअर आणि ३८ मिमी स्ट्रोक. खालची मापं ४७ मिमी बोअरची आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) मध्ये सूट आहे ती चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंतच्या इंजिनांना. ६६ सीसी बसवलं की ती सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते आणि नोंदणी, लायसन्स, विमा सगळं लागतं. तेव्हा खाली जिथे ‘चालवून बघा’ म्हटलंय, ते स्वतःच्या आवारात किंवा शेतातल्या खाजगी वाटेवर.

## १. खोलायच्या आधी: खरंच हाफ इंजिन लागतंय का?

ताकद कमी झाली म्हणजे पिस्टन गेलं, असं नसतं. सायलेन्सर कार्बनने बुजला किंवा पेट्रोलच्या नळातली जाळी तुंबली तरी लक्षणं हीच दिसतात. आधी ते बघा.

मग कंप्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब. प्लग काढून १४ मिमी आट्यांचं कंप्रेशन गेज बसवा. मागचं चाक जमिनीपासून उचललेलं राहील अशी सायकल उभी करा, क्लच लिव्हर सोडलेला ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत जोरात पेडल मारा.

- १०० ते १२० पीएसआय: वरचा भाग धडधाकट आहे. दोष इतरत्र शोधा.
- ८० च्या खाली: प्लगच्या भोकातून चमचाभर (५ मिली) टू-टी ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वर गेला तर रिंगा किंवा बोअर. जागचा हलला नाही तर हेडचं पॅकिंग किंवा वाकलेलं हेड.

थ्रॉटल बंद ठेवून मोजलं की इंजिनाला हवाच मिळत नाही आणि चांगलं इंजिनही ६० दाखवतं. निम्मी ‘खराब’ इंजिनं याच चुकीने खोलली जातात.

## २. सामान

खोलून झाल्यावर पॅकिंगसाठी दुकान गाठायचं, तोवर उघड्या क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो तो खालचा डबा) धूळ, हा क्रम नको. हे आधी जमवा:

- ब्लॉक, पिस्टन, २ रिंगा, गजन पिन (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी, १० मिमी), २ लॉक (पिन जागेवर ठेवणाऱ्या तारेच्या कड्या), कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाचं नीडल बेअरिंग. बेअरिंग जुनं वापरू नका, पिस्टन नवं तर तेही नवं.
- पॅकिंगचा पूर्ण संच: हेड, ब्लॉकच्या बुडाचं, कार्बोरेटरच्या नळीचं, सायलेन्सरचं. दोन संच घ्या, बुडाचं पॅकिंग हमखास फाटतं.
- प्लग: मूळ झेड४सी, त्याच्या जागी एनजीके बी६एचएस चालतो.
- फिलर गेज, व्हर्निअर, २ मिमी जाडीची सोल्डरची तार, बारीक सपाट कानस.
- ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर आणि जाड काचेचा एक तुकडा.
- ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा टॉर्क पाना.

टॉर्क पाना नसेल तर अंदाजाने आवळू नका. कारवाल्याकडचा मोठा पानाही चालत नाही, तो इतक्या खालच्या मापात विश्वासाचा नसतो. त्यापेक्षा प्रवासाची बॅग तोलायचा हुकवाला काटा घ्या. नटाच्या मध्यापासून २० सेंटीमीटरवर पान्याला दोरी बांधा आणि पान्याशी काटकोनात ओढा. काट्यावर ८ किलो दिसले की सुमारे १६ न्यूटन-मीटर झाले. पाना आणि दोरी यांच्यात काटकोन राहिला नाही तर आकडा खोटा.

## ३. इंजिन उतरवणं

फ्रेममध्येच काम उरकायचा मोह होतो, कारण हेड निघताना दिसतं. पण ब्लॉक लांब स्टडवरून सरळ वर ओढावा लागतो आणि वरचा दांडा आडवा येतो. मग ब्लॉक तिरका करून काढतात, आत बसवतानाही तिरकाच बसवतात आणि रिंग तिथेच मोडते. इंजिन उतरवा: पेट्रोल बंद, नळी, कार्बोरेटर, सायलेन्सर, चेन, क्लचची तार, मॅग्नेटोच्या वायरी, शेवटी मागचे-पुढचे माउंट. अर्ध्या तासाचं काम आहे.

कार्बोरेटरची नळी आणि सायलेन्सरचं तोंड यांत चिंध्या कोंबा, जुना प्लग लावलेलाच ठेवा आणि बाहेरून रॉकेल-ब्रशने धुऊन घ्या. फिन्समधली माती खोलताना आत पडते आणि पुढे बोअरवर पॉलिश पेपरचं काम करते.

## ४. खोलणं

इंजिन पूर्ण गार हवं. हेडचे चारही नट एकदम काढू नका. समोरासमोरच्या जोडीने प्रत्येकी पाव फेरा, पुन्हा पाव फेरा, असे सैल करा. एकच कोपरा मोकळा झाला की हेड त्या बाजूला वाकतं.

या इंजिनात चारही स्टड क्रँककेसमधून निघून ब्लॉक आणि हेड दोन्हींतून जातात. म्हणजे हेडचे नट निघाले की ब्लॉकही मोकळा. ‘फक्त हेड साफ करतो’ म्हणून हेड उघडलं तरी खालच्या पॅकिंगची पकड सुटते. हेड काढलं तर बुडाचं पॅकिंगही बदलायचंच.

हेड चिकटलं असेल तर लाकडी हातोडीने बाजूने हलके टिचके. पॅकिंगमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटलात तर जी चीर पडेल तिथूनच पुढे कंप्रेशन गळेल.

ब्लॉक दोन इंच वर आला की थांबा. पिस्टन अजून आत असतानाच क्रँककेसच्या तोंडात, कनेक्टिंगभोवती (कनेक्टिंग रॉड, पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा), स्वच्छ सुती फडकं कोंबा. मोडक्या रिंगेचा तुकडा असेल तर तो नेमका याच क्षणी खाली पडतो. पेपर नॅपकिन नको, त्याचे धागे सुटतात.

आता लॉक. एका हाताचा अंगठा त्यावर धरूनच नोज प्लायरने काढा, नाहीतर ते उडतं आणि सापडत नाही. पिन दुसऱ्या बाजूने ढकला. घट्ट असेल तर कढत पाण्यातून पिळलेलं फडकं पिस्टनवर दोन मिनिटं धरा, पिस्टन प्रसरण पावतं आणि पिन बोटाने सरकते. पिन हातोडीने ठोकायची नाही. तो ठोका कनेक्टिंगला बसतो. कनेक्टिंग जरा जरी वाकलं की नवं पिस्टन तिरकं चालतं, आणि मग हाफ इंजिनाचं फुल इंजिन होतं.

## ५. जुनं पिस्टन वाचा

पिस्टन भंगारात टाकायच्या आधी उजेडात धरून बघा. कोणत्या बाजूला काय झालंय हे लक्षात ठेवा: पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे असतो, त्याच्या समोरची बाजू कार्बोरेटरची.

फक्त सायलेन्सरच्या बाजूला उभे चट्टे, ॲल्युमिनियम लिंपल्यासारखं. इंजिन तापून जाम झालं. कारण बहुधा पातळ मिश्रण, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी: कुठून तरी जादा हवा घेतंय किंवा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) अर्धवट तुंबलाय. याला नवं पिस्टन हा उपाय नाही, गळती शोधणं हा उपाय आहे.

चारही कोपऱ्यांवर, पिनच्या दोन्ही बाजूंना, चार चट्टे. पिस्टन फुगलं आणि ब्लॉक अजून गार होता. गार इंजिनाला पहिल्याच मिनिटात पूर्ण थ्रॉटल दिल्याची ही खूण, नाहीतर पिस्टन-बोअरमधली फट मुळातच कमी होती.

कार्बोरेटरच्या बाजूला बारीक उभे ओरखडे, मॅट झालेला स्कर्ट (पिस्टनचा खालचा घेर). धूळ गेली आहे. एअर फिल्टरचा स्पंज फाटलाय किंवा कोणीतरी ‘मोकळी हवा मिळावी’ म्हणून काढून टाकलाय.

सगळीकडून चट्टे, गजन पिन निळसर. ऑइल कमी पडलं. बाटलीच्या झाकणाने ऑइल मोजणाऱ्यांच्या इंजिनात हे हटकून दिसतं.

डोक्यावर खड्डे, कड कुरतडल्यासारखी, किंवा सरळ भोक. आत मिश्रण अवेळी भडकून ठोका बसत होता. पातळ मिश्रण, चुकीचा प्लग, नाहीतर हेड घासून घासून जास्तच खाली आणलेलं.

रिंगांच्या खाली काळे डाग. कंप्रेशन रिंगांमधून खाली जात होतं. हे निव्वळ वय. नवं किट टाकून निश्चिंत व्हायचं ते या एकाच प्रकारात.

वरच्यापैकी कोणता प्रकार तो कागदावर लिहून ठेवा. त्याचा बंदोबस्त झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

## ६. खालचा भाग तपासा

मॅग्नेटोच्या नटाला पाना लावून कनेक्टिंग वरच्या टोकाला आणा. दोन्ही हातांनी धरून सरळ वर-खाली ओढा. खट्ट असा जराही आवाज किंवा खेळ जाणवला तर खालचं बेअरिंग गेलंय. डावी-उजवीकडे थोडं सरकणं मात्र ठीक आहे, ते तसंच असतं. या दोन हालचालींत गल्लत करून कित्येकांनी चांगले क्रँक बदलले आहेत.

पिस्टन घासलं असेल, क्रोम उडालं असेल किंवा रिंग मोडली असेल तर क्रँककेस धुवायलाच हवी. फडकं काढा, ५० मिली ऑइल-मिश्रित पेट्रोल ओता, क्रँक फिरवा, इंजिन उलटं करून स्वच्छ पांढऱ्या फडक्यावर रिकामं करा. फडक्यावर चमचम दिसायची बंद होईपर्यंत हे करत राहा. उघड्यावर, विस्तवापासून लांब.

## ७. नवं किट मोजल्याशिवाय बसवू नका

बोअर क्रोमचं की बिडाचं? बोअरच्या भिंतीला छोटं लोहचुंबक लावून बघा. या किटचे बहुतेक ब्लॉक ॲल्युमिनियमचे आणि आतून क्रोमचा पातळ थर, तिथे चुंबक चिकटत नाही. राजदूतच्या ब्लॉकला लेथवर ओव्हरसाइझ करून पिस्टन टाकता येतं, इथे ते होत नाही. क्रोमवर बोअरिंग नाही आणि होनिंगही (दगडाने आतून घासणं) नाही. थर उडाला की ब्लॉक बाद. नव्या ब्लॉकमध्येही पोर्टच्या (भिंतीतल्या, मिश्रण आणि धूर ये-जा करायच्या खिडक्या) कडांजवळ नखाने चाचपा. खपली जाणवली तर तो ब्लॉक परत करा.

पिनची उंची. बाहेरून सारखी दिसणारी दोन प्रकारची पिस्टनं बाजारात आहेत, एकात पिनचं भोक वर, एकात खाली. जुन्या-नव्या पिस्टनची पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची आणि दोन्ही ब्लॉकची उंची व्हर्निअरने मोजा. मिलिमीटरचाही फरक आला तर पिस्टन हेडला आपटेल किंवा पोर्ट अर्धवट उघडतील. ऑनलाइन मागवलेल्या किटमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

पोर्टच्या कडा. ओतीव कडा धारदार असतात, रिंग त्यांत अडकते. बारीक कानशीने ०.३ ते ०.५ मिमी गोल करा, पण कानस नेहमी बोअरकडून पोर्टच्या आत ढकलायची. उलट ओढली की क्रोम उचकटतं. झाल्यावर गरम साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, ऑइलचा हात फिरवा.

रिंगेची फट. रिंग नुसती बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या डोक्याने ढकलून वरून १० ते १५ मिमी खाली सरळ बसवा आणि टोकांमधली फट फिलर गेजने मोजा.

- ०.१५ ते ०.३० मिमी: ठीक.
- ०.१५ पेक्षा कमी: रिंग तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग भिंतीत रुतते. टोक बाहेरून आत अशा एकाच दिशेने घासा, दर दोन घाशांनी मोजा.
- ०.६ च्या वर: नवी रिंग असली तरी नको.

दोन्ही रिंगा मोजा. एक मोजून दुसरी तशीच असेल असं समजू नका. मग रिंग तिच्या खोबणीत हाताने पूर्ण दाबून बघा. खोबणीतल्या खिळीवर रिंगेची खाच नीट बसते का? टोक खिळीवर चढत असेल तर ती रिंग या पिस्टनची नाही.

## ८. हेड आणि स्टड

काचेवर ४०० चा पेपर, थोडं पाणी. हेडच्या तोंडाला मार्करने काळं करा आणि इंग्रजी आठच्या आकारात घासा. दहा-बारा फेऱ्यांनी हेड पाव वळवून पुन्हा. काळं सगळीकडून सारखं गेलं की थांबा, मग ६०० चा हात. ब्लॉकचं वरचं तोंडही मार्करने तपासा. हेतू फक्त सपाट करण्याचा आहे. ‘कंप्रेशन वाढवतो’ म्हणून घासत राहिलात तर पुढच्या टप्प्यातलं माप हाताबाहेर जाईल.

कार्बन काढायला बांबूची चपटी काडी किंवा पितळी पट्टी वापरा.

स्टड: प्रत्येकावर दोन नट एकमेकांना आवळून स्टड हलतो का बघा. सैल असेल तर बाहेर काढा. त्याच्या आट्यांवर ॲल्युमिनियमचे चमकते वेटोळे आले तर क्रँककेसचे आटे गेलेत, लेथवाल्याकडून हेलिकॉइल (भोकात बसवायचे तारेचे नवे आटे) बसवून घ्या. जास्त आवळून जमेल असं वाटतं, पण जमत नाही.

सावध: हेडचे नट टोपीवाले असतील तर तपासा, स्टडचं टोक टोपीला आतून टेकतं का. टेकलं तर पाना ‘आवळला’ म्हणतो आणि हेड सैलच राहतं. प्रत्येक नट नुसता स्टडवर हाताने पूर्ण फिरवून तो कुठे थांबतो ते मोजा, कमी पडत असेल तर जाड वॉशर घाला किंवा साधा नट वापरा.

## ९. कोरडी जुळणी: रिंगा न घालता

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. पिस्टनला रिंगा न लावता, पिन आणि जुने लॉक घालून, नव्या पॅकिंगवर ब्लॉक बसवा.

पिस्टन अगदी खाली आणा आणि सायलेन्सरच्या पोर्टमधून आत बघा. पिस्टनचं डोकं पोर्टच्या खालच्या काठाला टेकलेलं किंवा किंचित खाली हवं. पोर्टमध्ये पायरीसारखं वर दिसत असेल तर पिस्टन किंवा ब्लॉक चुकीचा आलाय.

आता स्क्विश, म्हणजे पिस्टन सर्वात वर असताना त्याची कड आणि हेड यांतली जागा. सोल्डरच्या तारेचे दोन तुकडे पिस्टनच्या डोक्यावर कडेला, पिनच्या रेषेत दोन्ही टोकांना, ग्रीसने चिकटवा. पिनच्या रेषेतच, कारण इतरत्र ठेवले तर पिस्टन डुलतं आणि माप चुकतं. पॅकिंगसह हेड ठेवून नट बेताने आवळा, क्रँक एकदा वरच्या टोकावरून पार करा. तार काढून सर्वात चपटी जागा मोजा.

०.८ ते १.० मिमी आलं तर उत्तम. ०.६ च्या खाली चालणार नाही, वेगात पिस्टन हेडला लागेल, बुडाचं पॅकिंग जाड घ्या. दीड मिमीपर्यंत आलं तर गाडी चालेल, जोर जरा कमी, त्यासाठी जीव टाकायचं कारण नाही. दोन तुकड्यांत ०.१ पेक्षा जास्त फरक असेल तर मात्र कनेक्टिंग वाकडं आहे किंवा ब्लॉक नीट टेकलेला नाही.

## १०. अखेरची जोडणी

हात धुवा. खरंच धुवा, नखांतली घाणसुद्धा.

१. नीडल बेअरिंग टू-टी ऑइलमध्ये बुडवून कनेक्टिंगमध्ये.

२. एक लॉक पिस्टनमध्ये बाहेर टेबलावरच बसवून घ्या, म्हणजे इंजिनावर एकाचीच कसरत. लॉकचं तोंड वर किंवा खाली, आडवं कधीच नाही. पिस्टनच्या धावण्याने आडवं लॉक मिटतं आणि बाहेर पडतं. बसवल्यावर लॉक खोबणीत फिरवून बघा, सगळीकडून बसलेलं असलं पाहिजे. जुनं लॉक वापरायचं नाही.

३. पिस्टन, बाण सायलेन्सरकडे. पिन बोटाने ढकला, दुसरं लॉक.

४. रिंगा. आधी खालची, मग वरची. अक्षर कोरलेली बाजू वर. दोन्ही अंगठ्यांनी लागेल तेवढंच फाकवा. टोकं खिळीपाशी.

५. बुडाचं पॅकिंग. सिलिकॉनचं सोल्यूशन लावू नका, पेट्रोलने ते सुटतं आणि त्याचे तुकडे पोर्टमध्ये जातात. तोंडं सपाट असतील तर पॅकिंगला ऑइलचा हात पुरे. पॅकिंगमधली पोर्टची खिडकी आणि क्रँककेसची खिडकी जुळते का बघा, पॅकिंग आत डोकावत असेल तर ब्लेडने कापा.

६. कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याच्या दोन पट्ट्या क्रँककेसच्या तोंडावर, कनेक्टिंगच्या दोन बाजूंना ठेवा आणि पिस्टन त्यांवर टेकवा. आता ते डुलणार नाही. फडकं अजून आत असेल तर ते काढून मग पट्ट्या ठेवा.

७. बोअरला ऑइल. ब्लॉक स्टडवरून सरळ खाली आणा. वरची रिंग बोटांनी दाबून आत, मग खालची. ब्लॉकच्या बुडाला आतून उतार असतो, तो मदत करतो. या वेळी ब्लॉक डावी-उजवीकडे फिरवायचा नाही. फिरवला की रिंगेचं टोक खिळीवरून सरकतं किंवा पोर्टमध्ये शिरतं, आणि पहिल्याच किकेला, म्हणजे इथे पहिल्याच पेडलला, तुटतं. अडला तर दाबू नका, वर काढून पुन्हा.

तपासणी: क्रँक हाताने पाच-सहा फेरे फिरवा. सायलेन्सरच्या पोर्टमधून टॉर्च मारा आणि रिंग समोर आली की आगपेटीच्या काडीने दाबा. ती स्प्रिंगसारखी आत जाऊन परत आली पाहिजे. कुठेही खरखर किंवा अडकल्यासारखं वाटलं तर ब्लॉक वर, पुन्हा बघा.

८. हेड आणि पॅकिंग. नट फुलीच्या क्रमाने, तीन टप्प्यांत. ८ मिमी स्टडना ५, मग १०, मग १६ न्यूटन-मीटर. ६ मिमी स्टड असतील तर ४, ७ आणि शेवटी ९. कार्बोरेटर आणि सायलेन्सरचे ६ मिमी नट ६-७ पुरे, त्यांचे स्टड काडीसारखे मोडतात. सायलेन्सरचं खालचं टोक फ्रेमला क्लॅम्पने बांधा, लटकता सायलेन्सर ते स्टड हलवून तोडतो.

प्लगची फट ०.६ ते ०.७ मिमी.

## ११. हवेची चाचणी: सुरू करण्याआधी

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसही पंपाचं काम करते. ती कुठूनही हवा घेत असेल तर मिश्रण पातळ आणि पिस्टन पुन्हा तापणार. वर कागदावर ‘सायलेन्सरच्या बाजूला चट्टे’ लिहिलं असेल तर ही चाचणी सोडायची नाहीच.

घरी धूळ खात पडलेलं डायल-काट्याचं बीपी मशीन यासाठी नामी आहे. कार्बोरेटरच्या नळीचं तोंड आणि सायलेन्सरचं पोर्ट सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी लावून बंद करा. नळी ब्लॉकवर लागलेलीच असू दे, तिचं पॅकिंगही तपासायचंय. जुन्या प्लगमधलं चिनीमातीचं काढून त्यात बीपीची रबरी नळी घट्ट बसवा आणि तो प्लग हेडमध्ये लावा. पिस्टन अगदी खाली ठेवा, म्हणजे हेडमधली हवा पोर्टमधून क्रँककेसमध्ये जाते. फुगा दाबून काटा २६० वर न्या, म्हणजे सुमारे ५ पीएसआय. त्याहून जास्त नको, सील उलटतात.

पाच मिनिटं थांबा. काटा मिनिटाला ५० पेक्षा हळू उतरत असेल तर ठीक. धाडकन पडला तर साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावा: हेडची शिवण, बुडाचं पॅकिंग, नळीचा जोड, क्रँककेसची मधली शिवण, डावीकडे मॅग्नेटोमागचं सील, उजवीकडे गिअरच्या झाकणाआतलं सील. फुगे येतील तिथे दोष. सीलमधून फुगे आले तर आत्ता सील बदला, नवं पिस्टन त्याच्या भरवशावर सोडू नका.

एक जागा या चाचणीत सापडत नाही: कार्बोरेटर नळीवर जिथे सरकवून क्लॅम्पने आवळतात तो जोड. तिथे आतून योग्य मापाची ओ-रिंग घाला. मूळ किटमध्ये ती जागा बहुधा सैलच असते.

## १२. पेट्रोल, पहिली सुरुवात, रन-इन

पहिले दोन-तीन लिटर: एका लिटरला ५० मिली टू-टी ऑइल (२०:१). त्यानंतर ४० मिली (२५:१). सिरिंजने किंवा मापाच्या कपाने मोजा. ऑइल वेगळ्या कॅनमध्ये मिसळून मग टाकीत ओता, टाकीत थेट ओतलेलं ऑइल तळाला बसतं आणि पहिलं किलोमीटर नुसत्या ऑइलवर, नंतरचं नुसत्या पेट्रोलवर जातं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याने मिश्रण थोडं पातळ होतं आणि ते हवेतलं पाणीही ओढतं, म्हणून महिनाभर पडलेलं मिश्रण नव्या पिस्टनला देऊ नका. प्लग पांढरा पडत असेल तर मुख्य जेट एक नंबर मोठा घ्या. जास्त ऑइल घालून पातळ मिश्रण दुरुस्त होत नाही. उलट ऑइल वाढलं की तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं.

सुरू झालं की ३ ते ५ मिनिटं हळू चालू द्या, थ्रॉटल थोडा वर-खाली करत. बंद. फिन्सना हात लावता येईल इतकंच नाही, पूर्ण गार होऊ द्या. मग हेडचे नट पुन्हा त्याच मापाला तपासा. नवं पॅकिंग दबतं, त्यामुळे पहिल्या वेळी नट थोडा फिरेलच. असं एकूण तीनदा. गरम इंजिनावर आवळू नका, ॲल्युमिनियम फुगलेलं असतं, माप खोटं येतं आणि आटे जातात.

पहिले १५० किलोमीटर: अर्ध्या थ्रॉटलच्या वर नाही, एकाच वेगावर लांब धाव नाही, चढ असेल तर पेडल मारून मदत. उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून इंजिनावर गाडी सोडू नका, थ्रॉटल बंद म्हणजे ऑइलही बंद आणि पिस्टन मात्र धावतंय. क्लच दाबा. ५० आणि १५० किलोमीटरला गार इंजिनावर नट पुन्हा तपासा, प्लग काढून रंग बघा. विटकरी-तपकिरी हवा. काळा आणि ओला म्हणजे मिश्रण घट्ट, रन-इनमध्ये थोडं चालतं. पांढरा दिसला तर गाडी तिथेच थांबवून गळती शोधा.

तिसऱ्यांदा तपासताना नट जागचा हलायला नको. एखादा दर वेळी पाव फेरा फिरतच असेल, तर ते पॅकिंग दबणं नाही, खाली क्रँककेसमधला स्टड आट्यांसकट वर येतोय. आणखी एक फेरा देऊन बघू नका. इंजिन उतरवून तो स्टड काढा आणि टप्पा ८ मधलं हेलिकॉइल बसवा.